सर्व्हिसचं बिल कोण ठरवतं?

फोनवर ३२० युरो सांगितलेले असतात. संध्याकाळी किल्ली घ्यायला जावं, तर कागदावर आकडा ५०१. मागे रांग, शेजारी कंटाळलेली मुलं, आणि काउंटरवरच्या बाईंनी कार्डाचं मशीन पुढे केलेलं. अशा वेळी बहुतेक जण मुकाट्याने कार्ड लावतात, बिल घरी येऊन वाचतात आणि मग ‘सन्ड्रीज’, ‘सम्प वॉशर’, ‘एन्व्हायर्नमेंटल चार्ज’ असल्या ओळींवर चरफडत बसतात.

आयर्लंडमधल्या लिक्सलिपमध्ये गाडीवाचून चालत नाही. १९८९पासून इंटेल इथे आहे, तिच्यामागोमाग जगभरचे इंजिनिअर आले आणि त्यांत पुण्या-नाशिकची, कोल्हापूर-नागपूरची कुटुंबंही आली. डब्लिनला जायला कॉन्फी आणि लुईसा ब्रिज ही दोन स्टेशनं आहेत. पण रात्रपाळी, मुलांचे क्लास, आठवड्याचं वाणसामान आणि विमानतळ यांसाठी गाडीच लागते. मोठ्या डीलरांची दुकानं लिफी व्हॅली, नास रोड किंवा नास गावाकडे. म्हणजे सकाळी गाडी सोडायची, बसने परतायचं, आणि पुढचा सगळा व्यवहार फोनवर. बिल फुगायला ही सोय फार उपयोगी पडते, कारण गाडी उघडलेली असताना आपण तिथे नसतो.

बिल फुगलं म्हणजे डीलरने फसवलंच, असं नाही. बिलावरची प्रत्येक ओळ चौघांपैकी कोणीतरी मागितलेली असते: गाडी बनवणाऱ्या कंपनीने, खुद्द गाडीने, डीलरने किंवा सरकारने. कंपनीची मागणी वेळापत्रकात छापलेली असते. गाडीची मागणी मिलिमीटरमध्ये मोजता येते. सरकारची मागणी टक्क्यांत ठरलेली असते. डीलरची मागणी तेवढी त्याच्या मर्जीवर असते. कोणती ओळ कोणाची, हे एकदा कळलं की कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं तेही कळतं.

आधी बुकिंग

‘मायनर’, ‘मेजर’, ‘इंटरिम’, ‘फुल’ ही सर्व्हिसची नावं डीलर ठरवतो. एकाच्या ‘फुल’मध्ये एअर फिल्टर असतो, दुसऱ्याच्या ‘फुल’मध्ये नुसती तपासणी. गाडीला नेमकं काय हवं ते कंपनीच्या वेळापत्रकात असतं: किती वर्षांनी किंवा किती किलोमीटरनंतर, जे आधी येईल त्याप्रमाणे. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बहुतेक दर वर्षी. केबिनमधला एसी फिल्टर, ज्याला इथे पोलन फिल्टर म्हणतात, वर्षा-दोन वर्षांनी. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी. काही कंपन्या नव्या गाडीला पहिल्यांदा तीन वर्षं देतात. स्पार्क प्लग, गिअरबॉक्स ऑइल आणि टायमिंग बेल्ट ही लांब मुदतीची, आणि म्हणूनच अचानक अंगावर येणारी कामं.

जाहिरातीतल्या रकमेपुढे बहुधा ‘पासून’ लिहिलेलं असतं. ती रक्कम सगळ्यात लहान इंजिनाची आणि सगळ्यात कमी कामाची. तुमच्या गाडीचं मॉडेल, इंजिन आणि वर्ष सांगितल्याशिवाय मिळालेला कोणताही आकडा तुमचा नसतो.

भारतातून नवीन आलेल्यांचा आणखी एक घोटाळा होतो. आपल्याकडे नव्या गाडीच्या पहिल्या काही सर्व्हिस ‘फ्री’ असतात. मजुरी माफ, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यायचे. इथे तसा सरसकट रिवाज नाही. गाडी घेताना सर्व्हिस प्लॅन मिळाला असेल किंवा विकत घेतला असेल, तरी त्यात वेळापत्रकातलीच कामं येतात. ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी या झिजणाऱ्या वस्तू बहुधा प्लॅनच्या बाहेर राहतात.

बुकिंग फोनवर केलं तरी नंतर एक ईमेल टाकावी. तीत चार गोष्टी लेखी मागाव्यात: माझ्या गाडीला या वेळी वेळापत्रकाप्रमाणे काय काय लागू आहे, त्या सगळ्याची व्हॅट धरून एकूण रक्कम किती, त्यात सन्ड्रीज (फडकी-ग्रीससारखा किरकोळ खर्च) वगैरे धरलेत का, आणि यापलीकडे काहीही करायचं असेल तर आधी फोन करावा. उत्तरात आलेला आकडा ‘कोट’ आहे की ‘एस्टिमेट’, हेही पाहावं. कोट म्हणजे ठरलेली किंमत. एस्टिमेट हा अंदाज असतो, तो वर सरकू शकतो.

आयर्लंडचा ग्राहक हक्क कायदा २०२२ सालचा आहे आणि २९ नोव्हेंबर २०२२पासून लागू झाला. व्यवहार ठरण्याआधी ग्राहकाला करासह एकूण किंमत सांगणं, आणि मूळ रकमेवर काही जादा लावायचं असेल तर त्याची स्पष्ट संमती घेणं, ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. मात्र सकाळी किल्ली देताना ज्या जॉब कार्डवर किंवा टॅबलेटवर आपण घाईघाईने सही करतो, त्यावर ‘अमुक रकमेपर्यंतची कामं न विचारता करावीत’ असं वाक्य असू शकतं. ते वाचायला अर्धं मिनिट लागतं. तिथे शून्य लिहून घ्यावं.

बदली गाडी मिळणार असेल तर तिचंही विचारून ठेवावं. ती फुकट आहे की दिवसाचं भाडं आहे, इंधन किती भरून परत करायचं, आणि ठोकली तर आपल्या खिशातून किती जाणार. हे पैसे सर्व्हिसच्या बिलावर वेगळी ओळ होऊन येतात.

वर्कशॉपमधला तास

बिलावर मजुरीपुढे १.४ तास लिहिलेलं असतं. मेकॅनिकने घड्याळ लावून १ तास २४ मिनिटं काम केलं, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक कामाला किती वेळ धरायचा हे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि तो तासाच्या दशांशात मोजतात. हाताला सवय असलेला मेकॅनिक तेच काम पाऊण तासात उरकेल. बिल पुस्तकातल्या वेळेचंच होईल. बोल्ट गंजून अडकला आणि दोन तास गेले, तरी ठरलेल्या कामाला पुस्तकातलीच वेळ लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे ‘गाडी तर तासाभरात परत दिली, मग दीड तासाचे पैसे कसले?’ हा वाद उभा राहत नाही.

उभा राहतो तो दुसरा वाद. दोन कामांसाठी तेच झाकण उघडायचं असेल, तीच चाकं काढायची असतील, तर दोन्ही कामांत तो वेळ दोनदा धरला जातो का? मागचे ब्रेक पॅड आणि मागच्या डिस्क एकदम बदलताना चाकं एकदाच निघतात. वेगवेगळ्या किमती नुसत्या बेरजेने आल्या असतील, तर ‘ही कामं एकत्र आहेत, मग मजुरी एकत्र धरली का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळदा आकडा खाली येतो. यात घासाघीस नाही, वेळेचा हिशेब आहे, आणि सर्व्हिस अॅडव्हायझरला तो नीट कळतो.

‘डायग्नॉस्टिक’ ही मजुरीतलीच एक खास ओळ. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणून कंप्युटर जोडला की तपासणीचे वेगळे पैसे लागतात, मग दोष सापडो वा न सापडो. पुढे दुरुस्ती तिथेच केली तर हे पैसे त्यातून वळते करणार का, हे आधी ठरवून घ्यावं. ‘एक आवाज येतो, बघा जरा’ असं सर्व्हिसच्या वेळी सहज सांगितलं, तर ती सहज गोष्ट बिलावर तासाच्या दराने उमटू शकते.

ऑइल आणि पार्ट

बऱ्याच इंजिनांत साडेचार-पाच लिटर ऑइल मावतं आणि सर्व्हिसच्या बिलात मजुरीखालोखाल तेच जड असतं. डीलर ते मोठ्या पिंपातून घेतो आणि लिटरप्रमाणे लावतो. दुकानात मिळणाऱ्या त्याच प्रतीच्या कॅनशी त्या दराची तुलना केली तर डोळे पांढरे होतात. पण तुलना करताना ग्रेड एकच असून भागत नाही. ०डब्ल्यू-३० हा नुसता पातळपणा झाला. त्यासोबत कंपनीचा मान्यता क्रमांकही जुळावा लागतो. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना ५०४ ००, ५०७ ०० किंवा ५०८ ०० असे क्रमांक असतात, बाकीच्या कंपन्यांचे त्यांचे त्यांचे. चुकीचं ऑइल घातलं तर वॉरंटीच्या वेळी तोंडघशी पडायची वेळ येते. काही ठिकाणी गिऱ्हाइकाने आणलेलं ऑइल घालून देतात. ते चालतं का हे बुकिंगच्या वेळीच विचारावं, काउंटरवर कॅन घेऊन उभं राहू नये.

‘सम्प वॉशर’ म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टखालची छोटी धातूची चकती. एकदा दाबली गेली की ती पुन्हा नीट बसत नाही आणि ठिबकायला लागते, म्हणून दर वेळी नवी. किरकोळ किंमत, रास्त ओळ.

ब्रेक ऑइलच्या ओळीला मात्र बरेच जण नाक मुरडतात, कारण डब्यात भरपूर ऑइल दिसत असतं. ते संपत नाही, पाणी शोषतं. हवेतली ओल त्यात मुरते, उकळण्याचा बिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला तर त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल पोकळ लागतं. आयर्लंडच्या दमट हवेत ही मुदत पाळलेली बरी.

एसीचा गॅस हा अलीकडचा धक्का. जुन्या गाड्यांत आर-१३४ए असायचा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०१७पासून नव्या गाड्यांत तो भरता येत नाही, कारण पृथ्वी तापवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. त्याच्या जागी आलेला आर-१२३४वायएफ बराच महाग आहे. जुनी गाडी विकून नवी घेतलेल्याला एसीच्या कामाचं बिल चढं दिसतं ते यामुळे. पण एसी नीट थंड करत असेल, तर गॅस बदलण्याची गरज आहे का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

डिझेल गाडीवाल्यांसाठी लिक्सलिपची खास अडचण आहे: घर ते इंटेल, घर ते शाळा, सगळे फेरे पाच-दहा मिनिटांचे. डिझेलचा धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर साफ व्हायला एक्झॉस्ट बराच वेळ तापावा लागतो. छोट्या फेऱ्यांत फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि मग साफसफाईची ओळ येते. महिन्यातून दोन-तीनदा एम-फोर महामार्गावर अर्धा तास गाडी सलग पळवली तर ही ओळ टळायला मदत होते.

दुपारचा फोन

गाडी लिफ्टवर चढली की मेकॅनिक ‘हेल्थ चेक’ करतो. तुम्ही मागा किंवा मागू नका, हा तपास बहुतेक डीलरांकडे सर्व्हिससोबत होतोच, आणि डीलरची जादा कमाई पुष्कळशी इथूनच निघते. निकाल तीन रंगांत येतो: हिरवा म्हणजे ठीक, केशरी म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे आत्ता करा. सोबत बहुधा मोबाइलवर व्हिडिओची लिंक आणि प्रत्येक कामापुढे ‘मंजूर’चं बटण. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या ते दाबलं की ती संमती झाली. संध्याकाळी ‘मला वाटलं फुकट बघताय’ म्हणून उपयोग नाही.

या फोनवर रंग ऐकायचे नाहीत, आकडे मागायचे. टायरच्या खाचा किती मिलिमीटर उरल्यात? कायद्याने १.६ मिलिमीटरच्या खाली जाता येत नाही. तीनच्या आसपास आल्या की पावसाळी रस्त्यांसाठी नव्याचा विचार सुरू करावा. ब्रेक पॅड नवा असताना साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. तीनपर्यंत आला की बदलायची वेळ झाली, सहा असेल तर घाई कसली? डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मोजलेली जाडी आणि कोरलेली जाडी दोन्ही सांगा म्हणावं. बॅटरी ‘कमजोर’ आहे म्हणजे टेस्टरवर किती दिसली, त्याची चिठ्ठी बिलासोबत जोडा म्हणावं.

लाल असेल आणि सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर चालढकल करू नये. केशरीला बहुधा वेळ असतो: ‘लिहून ठेवा, मी नंतर ठरवतो’ एवढं उत्तर पुरतं. त्या वेळात दुसऱ्या गॅरेजमधून त्याच कामाची किंमत काढता येते. इंजिन फ्लश, इंधनात घालायचं औषध, एसीतला वास घालवणारा फवारा ही कामं बहुतेक गाड्यांच्या वेळापत्रकात नसतात. आपल्याकडे टेफ्लॉन कोटिंग आणि अंडरबॉडी कोटिंग गळ्यात मारतात, त्याच जातीची ही मंडळी.

एनसीटीची भीती घालून कामं पुढे केली जातात, म्हणून तिचा नियमही माहीत असावा. सन २००० मध्ये सुरू झालेली ही सक्तीची तपासणी गाडीला चार वर्षं झाल्यावर होते, मग दर दोन वर्षांनी, आणि दहा वर्षांनंतर दर वर्षी. ती दुरुस्ती न करणाऱ्या स्वतंत्र केंद्रात होते. तिथल्या माणसाला तुम्हाला पार्ट विकायचा नसतो. एखादं काम खरंच हवं आहे का अशी शंका असेल आणि तपासणी जवळ आली असेल, तर तिचा निकाल हा सगळ्यात तटस्थ सल्ला.

एक बिल, एकेक ओळ

आता सुरुवातीचे ३२० आणि ५०१ घेऊ. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत, पण बिलाची बांधणी खरीखुरी आहे. सगळे व्हॅटशिवाय:

मजुरी, १.४ तास, १३० युरोंप्रमाणे: १८२.००
इंजिन ऑइल, ४.५ लिटर: ८१.००
ऑइल फिल्टर: १६.००
सम्प वॉशर: २.५०
पोलन फिल्टर: ३२.००
ब्रेक ऑइल बदलणे: ६५.००
वायपरची जोडी: ४२.००
स्क्रीनवॉश: ६.००
सन्ड्रीज, मजुरीच्या ५ टक्के: ९.१०
एन्व्हायर्नमेंटल चार्ज: ५.९०

बेरीज ४४१.५०. त्यावर १३.५ टक्के व्हॅट ५९.६०. एकूण ५०१.१०.

पहिल्या चार ओळी व्हॅट धरून ३१९.५० होतात. फोनवर सांगितलेले ३२० ते हेच. म्हणजे कोणी खोटं बोललं नाही. सर्व्हिसचा आकडा विचारला, सर्व्हिसचा आकडा मिळाला. वरचे १८१.६० कुठून आले? पोलन फिल्टर आणि ब्रेक ऑइल मिळून व्हॅटसह ११० युरो: ही कंपनीची मागणी, वेळापत्रकात दोन वर्षांपूर्वीपासून लिहिलेली. वायपर सुमारे ४८: ही गाडीची मागणी, खरी असेल तर. स्क्रीनवॉश, सन्ड्रीज आणि एन्व्हायर्नमेंटल चार्ज मिळून जेमतेम २४: ही डीलरची मागणी.

सगळ्यात जास्त राग येतो तो या २४ युरोंचा, आणि खिसा रिकामा होतो तो बाकीच्या ओळींनी. ऑइल पुसायची फडकी, ग्रीस, हातमोजे, जुनं ऑइल उचलून नेणाऱ्याचे पैसे हा वर्कशॉपचा खर्च खराच. पण तो तासाच्या दरात धरायचा की वेगळा दाखवायचा, हे डीलरच ठरवतो. ‘एन्व्हायर्नमेंटल’ शब्दामुळे हा सरकारी कर वाटतो, तसा तो नाही. टायरची गोष्ट वेगळी: ऑक्टोबर २०१७पासून टायर विकताना जुन्या टायरच्या विल्हेवाटीचा ठरलेला आकार दाखवावा लागतो. तो मोटारीच्या टायरमागे तीन युरोंच्या आसपास आहे आणि दुकानदाराला माफ करता येत नाही. सर्व्हिसच्या बिलातला पर्यावरणाचा आकार मात्र काढून टाका म्हणता येतो, आणि डब्यात स्क्रीनवॉश भरून नेला असेल तर ती ओळही.

व्हॅटचे दोन दर

आयर्लंडमध्ये व्हॅटचा सर्वसाधारण दर २३ टक्के आहे, आणि दुरुस्ती-देखभालीला सवलतीचा १३.५ टक्के. दुरुस्तीत बसवलेल्या फिल्टर-पॅडसारख्या पार्टनाही हाच सवलतीचा दर लागतो. अपवाद आहेत ते टायर, बॅटरी आणि अॅक्सेसरीज. सर्व्हिसच्या वेळी बसवल्या तरी त्यांना २३ टक्के. म्हणून एकाच बिलावर दोन दर दिसले तर बावचळून जायचं कारण नाही. उलट तपासायचं ते हे, की फिल्टरवर किंवा मजुरीवर चुकून २३ टक्के तर लागले नाहीत ना. आपल्याकडे सप्टेंबर २०२५पासून सुटे भाग आणि मजुरी दोन्हींना १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे नुकत्याच आलेल्याला ही विभागणी चटकन लक्षात येत नाही.

व्यापाऱ्याशी बोलायच्या सवयीने सर्व्हिस अॅडव्हायझर कधीकधी व्हॅटशिवायचा आकडा बोलतो. ४०० युरोंच्या कामात हा फरक ५४ युरोंचा आहे. ‘सगळं धरून किती?’ हा प्रश्न म्हणून सोडायचा नाही.

पटलं नाही तर

काउंटरवर पहिली गोष्ट: पैसे देण्याआधी बिल वाचा. मागणीदार ओळखा. वेळापत्रकातली ओळ असेल तर ते पान दाखवा म्हणावं. गाडीची असेल तर मोजमाप आणि जुना पार्ट दाखवा म्हणावं. जुने पार्ट जपून ठेवायला सकाळीच सांगितलं असेल तर बरं.

मंजुरी दिली नव्हती असं काम बिलावर असेल, तर बुकिंगच्या वेळची ती ईमेल दाखवावी. बहुतेक भांडणं इथेच मिटतात, कारण सर्व्हिस मॅनेजरला ओळ खोडायचा अधिकार असतो. तरी अडलं, तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: काम केलेल्या गॅरेजला पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क असतो. दुसऱ्या दिवशी गाडी हवीच असेल, तर ‘हरकत नोंदवून पैसे देत आहे’ असं बिलावर लिहून, त्याचा फोटो काढून पैसे द्यावेत. मग लेखी तक्रार.

त्यापुढच्या पायऱ्या अशा. डीलर ‘सोसायटी ऑफ द आयरिश मोटर इंडस्ट्री’चा सभासद असेल तर त्या संघटनेकडे ग्राहकांच्या तक्रारींची सोय आहे. स्पर्धा आणि ग्राहक संरक्षण आयोग, म्हणजे सीसीपीसी, तुमचं भांडण लढत नाही. पण हक्क काय ते फोनवर नीट समजावून सांगतो. आणि २,००० युरोंपर्यंतच्या दाव्यासाठी जिल्हा न्यायालयाची ‘स्मॉल क्लेम्स’ पद्धत आहे: फी २५ युरो, वकिलाची गरज नाही, अर्ज ऑनलाइन. काम निकृष्ट झालं असेल तर ते नीट करून मागण्याचा, आणि ते होत नसेल तर किंमत कमी करून मागण्याचा हक्क २०२२च्या कायद्याने दिलेला आहे.

डीलरच कशाला?

‘बाहेर सर्व्हिस केली तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य आपण भारतातून सोबत घेऊन येतो. तिथे या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली सुटे भाग आणि माहिती स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. युरोपीय संघात हा विषय स्पर्धा कायद्याच्या नियमांनी आधीच मिटवलेला आहे. २०१० सालच्या नियमांचा रोख असा, की केवळ सर्व्हिस बाहेर केली म्हणून कंपनीने वॉरंटी नाकारू नये. या नियमांची मुदत ३१ मे २०२८पर्यंत वाढवलेली आहे. गावातल्या साध्या गॅरेजमध्ये सर्व्हिस केली तरी चालते. अट इतकीच की वेळापत्रक पाळलेलं असावं, योग्य प्रतीचे पार्ट आणि मान्यता क्रमांकाचं ऑइल वापरलेलं असावं, आणि ते बिलावर लिहिलेलं असावं. ‘ऑइल बदललं’ एवढंच लिहिलेलं बिल पुढे कामाला येत नाही. ऑइलचा क्रमांक, किलोमीटर आणि तारीख हवीच.

डीलरकडे जाण्याची काही चांगली कारणंही आहेत. टोयोटासारख्या काही कंपन्या अधिकृत ठिकाणी सर्व्हिस केल्यावर वॉरंटी पुढे वाढवून देतात. हायब्रिड गाडी जुनी होत चालली असेल तर त्या वाढीव वर्षाची किंमत सर्व्हिसच्या फरकापेक्षा जास्त असू शकते. वॉरंटी संपल्यावर लगेच काही मोठं बिघडलं, तर कंपनी कधीकधी सौजन्य म्हणून खर्चाचा वाटा उचलते. तो देताना डीलरकडचा इतिहास पाहिला जातो, आणि तो हक्क नसल्याने भांडून मिळत नाही. सुरक्षिततेसाठी कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांचं काम डीलरकडे फुकट होतं, मग सर्व्हिस कुठेही करा. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, प्लग नाहीत. तिथे मुख्यतः ब्रेक ऑइल, पोलन फिल्टर आणि तपासणी उरते, म्हणून तिच्या बिलात मजुरीचा तासच तेवढा बघायचा.

सरळ हिशेब करायचा तर वॉरंटीची वर्षं डीलरकडे आणि नंतरची ओळखीच्या गॅरेजमध्ये, किंवा तपासणी डीलरकडे आणि टायर-बॅटरी-वायपर बाहेरून, असे मधले मार्ग आहेत. इथे नव्या नंबरप्लेटची वर्षात दोन सत्रं असतात, जानेवारी आणि जुलै, म्हणून त्या सुमाराला वार्षिक सर्व्हिसची गर्दी होते. तारीख दोन-तीन आठवडे आधी घेतली तर आकडे मागायला आणि ताडून पाहायला वेळ राहतो.

आणि बिल दिल्यावर कामाची एक गोष्ट उरते. वेळापत्रक उघडून पुढच्या तीन वर्षांत काय येणार आहे ते काढून ठेवावं: ब्रेक ऑइल पुन्हा कधी, प्लग कधी, गिअरबॉक्स ऑइल कधी, टायमिंग बेल्ट कधी. बेल्टसारखं काम नुसत्या सर्व्हिसपेक्षा कितीतरी महाग पडतं, आणि त्याची तारीख गाडी घेतली त्या दिवसापासून ठाऊक असते. त्या वर्षीच्या खर्चात ते धरलं, चार ठिकाणांहून किंमत मागवली, तर ५०१ काय आणि १,००१ काय, आकडा मोठा असेल पण तो काउंटरवर पहिल्यांदा दिसणार नाही.